सांगड : एका शब्दाचा व एका वेगवान नौकेचा इतिहास

१. प्रास्ताविक

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे दोन तालुके समुद्रास कोठेही टेकत नाहीत. नौकेविषयी लिहू पाहणाऱ्याने या मुलखापासून आरंभ करावा, हे म्हणूनच प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु या मुलखाचे पाणी दोन नद्यांनी समुद्रास जाते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत व नेरळवरून कल्याणास पोहोचते; खंडाळ्याच्या उतारावरून उतरणारी पाताळगंगा खोपोली व खालापूरच्या टापूतून आपट्याकडे जाऊन पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. कल्याण, पनवेल, आपटे ही जुनी बंदरे एका बाजूस, बोरघाट दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये हा मुलूख, अशी येथील रचना आहे. जहाजातला माल येथे बैलाच्या पाठीवर चढे आणि घाटावरून बैलांनी आणलेला माल खाडीत जहाजावर जाई. भार किती लादावा आणि तो लादल्याने वेगाचे काय होते, हा प्रश्न या मुलखास शेकडो वर्षे परिचित आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच प्रश्न होय; मात्र त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते शर्यतीच्या जोडनौकेचे, जिला आज जगभर 'कॅटमरान' म्हणतात. दोन अरुंद व हलक्या होड्या, त्यांना जोडणाऱ्या तुळया, आणि वजनाच्या मानाने अवाढव्य शीड, एवढेच तिचे स्वरूप. तिचे आकर्षण कशात आहे आणि तिचे दोष कोणते, याविषयी नौकानयनाच्या जाणकारांत दीर्घकाळ वाद चालू आहे. भाषेच्या अभ्यासकास त्या वादात दोन शब्द बोलण्याचा अधिकार एका कारणाने पोहोचतो. या नौकेसाठी मराठीत एक जुना व नेमका शब्द आहे. आणि त्या शब्दाचा इतिहास तपासला असता वादाचे मर्म बऱ्याच अंशी उलगडते. तो शब्द 'सांगड' हा होय.

२. शब्दाचा प्रवास

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आज सर्वतोमुखी आहे. शेती आणि उद्योग यांची, परंपरा आणि नवता यांची सांगड घालावी, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्या वस्तूवरून हा वाक्प्रचार आला ती वस्तू बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ती स्पष्ट नोंदलेली आहे : एकमेकींस जोडलेल्या दोन होड्यांचे तरते साधन म्हणजे सांगड.

शब्दाचे मूळ संस्कृत 'संघाट' होय. लाकडे एकत्र बसविणे, सांधणे, जोडी करणे हा त्याचा अर्थ. पाली जातककथांत 'नावासंघाट' असा समास आढळतो. तेथे तो तराफ्याचा, जोडलेल्या नावांचा वाचक आहे. प्राकृतात 'संघाड' म्हणजे जोडी. त्यापासून मराठीत येताना 'ट'चा 'ड' झाला, अनुनासिकानंतरच्या 'घ'मधील महाप्राण लोपला, आणि 'सांगड' हे रूप सिद्ध झाले. घराचा वा हाडांचा 'सांगाडा' हा शब्दही याच कुळातला. सांगाडा ही जोडलेली लाकडे, सांगड ही जोडलेली नाव. दोन्हींचा प्राण जोडात आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीविषयीच्या १९२० मधील आपल्या ग्रंथात 'सांगड'ची तुलना दक्षिणेकडील शब्दांशी केली आहे. तमिळमध्ये 'शंगडम', मल्याळममध्ये 'चंगाडम', तुळूमध्ये 'जंगल' असे शब्द जोडहोडीसाठी वा तराफ्यासाठी आढळतात. याच अनुषंगाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथाचा साक्षीपुरावा येतो. भारताच्या दक्षिण किनाऱ्यावरील नौकांचे वर्णन करताना तो लेखक एकेका ओंडक्यातून कोरलेल्या नावा एकत्र जोडून केलेल्या फार मोठ्या जहाजांचा उल्लेख करतो आणि त्यांना 'संगर' म्हणतो. याच ग्रंथात आपल्या बाजूच्या कल्याण बंदराचाही निर्देश आहे. तात्पर्य, एकोणीसशे वर्षांपूर्वी हा शब्द परकी खलाश्याच्या कानावर पडण्याइतका रूढ होता, आणि तो बोलला जात होता तो मोठ्या, माल वाहणाऱ्या जहाजाविषयी.

मल्याळम 'चंगाडम' पोर्तुगीजांनी 'जंगादा' म्हणून उचलला व ब्राझीलपर्यंत नेला. तेथील कोळ्यांच्या शिडाच्या तराफ्यास आजही तेच नाव आहे. रायगडच्या किनाऱ्यावर आगरदांडा व दिघी यांच्या दरम्यान वाहने नेणाऱ्या तरीच्या धक्क्यास लोक 'जंगल जेटी' म्हणतात. तेथे अरण्याचा काही संबंध दिसत नाही. हा 'जंगल' तुळूतील 'जंगल' व मल्याळममधील 'चंगाडम' यांच्या नात्यातला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. ते अनुमान खरे ठरल्यास एकच शब्द दोन वाटांनी आपल्या जिल्ह्यात आला असे म्हणावे लागेल : एक प्राकृतातून सरळ, आणि दुसरा दक्षिणेकडून, समुद्रमार्गे.

इंग्रजी 'कॅटमरान' हा शब्द मात्र वेगळ्याच वस्तूचा आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. 'कट्टुमरम' हा तीन-चार ओंडके एकत्र बांधून केलेला कोळ्यांचा तराफा. त्याला दोन काया नाहीत. विल्यम डॅम्पियरने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आणला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जोडनौका शर्यतीत उतरल्या तेव्हा हे नाव त्यांना चिकटले. कोकण किनाऱ्यावर तिसराही एक प्रकार आहे : एका होडीस बाजूने आडव्या काठ्यांनी जोडलेले तरते लाकूड. त्यास 'उलांडी' म्हणतात. कट्टुमरम, उलांडी व सांगड या तीन वस्तू वेगळ्या, आणि आज जगाने 'कॅटमरान' म्हणून जी नौका स्वीकारली आहे ती यांपैकी सांगडच होय.

'सांगड' या शब्दास आणखी एक अर्थ होता. वाळक्या भोपळ्यांची वा हलक्या लाकडांची मोळी पोटाखाली घेऊन नदी तरून जात, तीसही सांगड वा सांगडी म्हणत. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकात हा शब्द येतो. वेदांची सांगड घेऊन नदीत उतरलेल्यांनी तिच्यासोबत अहंकाराचे धोंडेही घेतले, म्हणून ते तरले नाहीत, असा तेथील आशय आहे. रूपक अध्यात्माचे असले तरी त्यामागचे निरीक्षण रोकडे आहे : जे साधन हलकेपणामुळे तारते त्यावर भार लादला की ते तारीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी कर्जतजवळच्या एका विहिरीत मुलांना पोहावयास शिकविताना पाठीस पांगाऱ्याचा ओंडका बांधीत. तो ओला होऊन जड झाला की आजोबा तो बदलावयास लावीत. 'ओंडका जिवंत पाहिजे,' एवढेच ते म्हणत. त्याला सांगड म्हणतात हे तेव्हा ठाऊक नव्हते. मात्र सांगडीचा पहिला नियम त्यामुळे हातास कळला.

या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे. सांगड घालावयाची ती बुडू नये म्हणून, उलटू नये म्हणून, अधिक भार पेलावा म्हणून. वेगासाठी सांगड घातली जात असे, असे या शब्दाच्या इतिहासात कोठेही दिसत नाही. मग तीच रचना जगातील अत्यंत वेगवान शिडाच्या नौकेची रचना कशी झाली?

३. रुंदीची ठेव

एकेरी नौका वाऱ्याने कलते. ती उलटू नये म्हणून तिच्या तळाशी शिसे, लोखंड वा दगड यांचा भार ठेवावा लागतो. नौका जितकी कलेल तितका हा भार तिला अधिक जोराने मागे खेचतो. परंतु तो भार सतत सोबत न्यावा लागतो. भारामुळे नौका पाण्यात खोल बसते, खोल बसल्याने अधिक पाणी बाजूस सारावे लागते, आणि स्वतःच्याच पुढे उठविलेल्या लाटेवर चढण्यात तिची शक्ती खर्च होते.

सांगडीने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला. दोन काया परस्परांपासून दूर ठेवल्या की कलण्यास विरोध होतो तो भारामुळे नव्हे, तर रुंदीमुळे. तळातला भार काढून टाकता येतो. प्रत्येक काया अतिशय अरुंद करता येते, आणि अरुंद काया पाणी कापीत जाते. तिने उठविलेली लाट क्षुद्र असते. सांगडीची रुंदी ही अशा प्रकारे एक ठेव आहे. ती दोन रीतींनी वापरता येते. वर फळ्या टाकून माल, माणसे, जनावरे लादली तर ती स्थैर्याच्या रूपाने परत मिळते. वर काहीच न लादता उंच शीड चढविले तर तीच ठेव वेगाच्या रूपाने खर्ची पडते. पूर्वजांनी ती पहिल्या रीतीने वापरली. शर्यतीची नौका ती दुसऱ्या रीतीने वापरते. एकच ठेव एकाच वेळी दोन्हीकडे वापरता येत नाही. या नौकेचे सर्व गुण व सर्व दोष या एका विधानात सामावलेले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उदाहरणादाखल 'टॉर्नेडो' ही जोडनौका घेऊ. रॉडनी मार्च यांनी १९६७ मध्ये रचलेली ही नौका १९७६ ते २००८ पर्यंत ऑलिम्पिक शर्यतींत होती. तिची लांबी ६.१ मीटर आणि वजन सुमारे १५५ किलो. ती चालविणाऱ्या दोघा खलाश्यांचे वजन जवळजवळ नौकेइतकेच भरते. ते काठावरून दोराच्या आधारे बाहेर लोंबकळतात व आपल्या देहाने शिडाचा तोल सांभाळतात. तळातले शिसे काढून टाकले, त्याच्या जागी माणूस आला. शिसे थकत नाही आणि घसरतही नाही. माणूस दोन्ही करतो. परंतु वारा पडला की माणूस आत सरकू शकतो, शिसे सरकत नाही. या नौकेचा मोह समजून घ्यावयाचा तर हे ध्यानात घेतले पाहिजे. तिच्यावरील माणूस प्रवासी नसून नौकेचाच एक अवयव असतो. वाऱ्याचा प्रत्येक झोत त्याच्या पाठीच्या कण्यात जाणवतो, आणि झोत येताच नौका कलण्यात वेळ न घालविता पुढे झेपावते.

आता दोष. एकेरी नौका जितकी कलते तितकी सावरण्याची तिची शक्ती काही मर्यादेपर्यंत वाढत जाते. सांगडीचे याच्या उलट आहे. वाऱ्याकडची काया पाण्याबाहेर उचलली गेली त्या क्षणी तिची सावरण्याची शक्ती परमावधीस पोहोचते. त्यापुढे ती घटतच जाते. म्हणजे चालकास सर्वांत अधिक वेग मिळतो तो नेमक्या त्याच ठिकाणी, जेथून पुढे चूक सुधारण्यास अवकाश उरत नाही. आणि एकदा पालथी झाली की ती पालथ्या स्थितीतच तितकीच स्थिर राहते. रुंदी ज्या निष्ठेने उलटू देत नव्हती त्याच निष्ठेने आता सुलटू देत नाही.

दुसरा दोष नाळेचा. अरुंद कायेत उचलून धरणारी हवा थोडी. जोराच्या वाऱ्यात उतारावरून धावताना नाळ समोरच्या लाटेत घुसली तर मागचा भाग वर येऊन सबंध नौका पुढच्या अंगास कोलांटी खाते. तिसरा दोष जोडाचा. दोन काया दोन वेगळ्या लाटांवर असतात. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, आणि मधल्या तुळया पिळल्या जातात. सांगड मोडते ती बहुधा जोडात. चौथा दोष भाराचा, आणि तो ज्ञानेश्वरीच्या धोंड्यांचाच होय : पाणी, शिधा, सामान यांचे थोडे ओझे चढले तरी अरुंद काया झपाट्याने खोल बसतात आणि वेग नाहीसा होतो. वळताना हलकेपणामुळे गती तुटते, हा पाचवा दोष त्या मानाने किरकोळ.

४. दोन शतकांचे दोन प्रयोग

युरोपात जोडनौकेचा पहिला गंभीर प्रयोग सर विल्यम पेटी यांनी केला. अर्थशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध असलेल्या या गृहस्थांनी १६६२ पासून डब्लिन येथे दुहेरी तळाची जहाजे बांधविली. त्यांपैकी एकाने १६६३ मध्ये होलीहेड व डब्लिन यांच्या दरम्यानच्या डाकजहाजाशी पैज जिंकली. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत तिची नोंद आहे. यशाने उत्साह वाढून १६६४ च्या डिसेंबरात 'एक्स्पेरिमेंट' नावाचे मोठे जहाज पाण्यात सोडले गेले. १६६५ मध्ये पोर्तुगालहून परतताना ते वादळात नाहीसे झाले. छोटे जहाज जवळच्या पाण्यात पैज जिंकते आणि तीच कल्पना मोठी करून महासागरात पाठविली की बुडते, हा धडा आरंभीच मिळाला होता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला. नॅथानिएल हेरेशॉफ यांची 'अमॅरिलिस' ही जोडनौका १८७६ मध्ये न्यूयॉर्क येथील शतसांवत्सरिक शर्यतीत उतरली व तिने प्रतिस्पर्ध्यांस मागे टाकले. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली. तिच्यात राहण्यास जागा नाही, ती खरी नौका नव्हे, असा आक्षेप होता. तिला वर्गातून वगळण्यात आले. हा निर्णय मत्सरातून आला असे बहुधा सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहेच. तथापि आक्षेपाचा गाभा निव्वळ मत्सर नव्हता. नौका कशासाठी असते, हा तो प्रश्न होता. वाहून नेण्याचा धर्म टाकून मिळविलेला वेग हा नौकेचा वेग मानावा काय?

विसाव्या शतकात प्लायवूड, काचतंतू व पुढे कार्बनतंतू हाती आल्यावर जोडनौका पुन्हा पुढे आल्या. अमेरिका चषकाच्या २०१३ च्या स्पर्धेसाठी बांधलेल्या जोडनौका २२ मीटर लांबीच्या होत्या, त्यांची पंखासारखी ताठ शिडे सुमारे ४० मीटर उंच होती, आणि पाण्याखालच्या पात्यांवर उचलल्या जाऊन त्या ४० सागरी मैलांहून अधिक ताशी वेग गाठीत. त्या वर्षी ९ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सरावाच्या वेळी त्यांपैकी एक नौका नाळ पाण्यात घुसून उलटली व मोडली. ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेते अँड्र्यू सिंप्सन तिच्याखाली अडकून मरण पावले. त्यानंतर शर्यतीसाठी वाऱ्याच्या वेगाची मर्यादा खाली आणण्यात आली आणि खलाश्यांच्या रक्षणाचे नियम कडक झाले. आज या जातीच्या नौका ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावतात. परंतु त्या धावतात ते आखलेल्या पाण्यात, किनाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात, बचावनौकांच्या सोबतीत आणि दिवसाच्या काही निवडक घटिकांत. हा त्यांच्या यशाचा उपभाग नसून त्याची अट आहे.

५. गलबताची साक्ष

पेटी डब्लिनला जहाजे बांधीत होते त्याच सुमारास आपल्या बाजूसही जहाजे बांधली जात होती. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर भिवंडी, कल्याण व पनवेल येथे लढाऊ नौका सिद्ध होत असल्याचे १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात नमूद आहे. ही बंदरे उल्हास व पनवेलच्या खाड्यांवरची, म्हणजे प्रस्तुत मुलखाच्या पायथ्याची. येथे बांधल्या गेल्या त्या नौका सांगडी नव्हत्या. परंतु वजन थोडे व बळ अधिक या तत्त्वाची आपल्या इतिहासातील सर्वांत मोठी कसोटी त्यांनीच दिली, म्हणून त्यांचा विचार येथे प्राप्त आहे.

'गुराब' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ कावळा. 'गलबत' हे बहुधा पोर्तुगीज 'गालेओता'चे रूपांतर. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे त्यावरून गुराब ही लांबीच्या मानाने रुंद व उथळ पाण्यात चालणारी नौका दिसते. गलबत त्याहून लहान. मोठ्यातले मोठे गलबतही क्वचितच ७० टनांहून अधिक असे. त्यावर ४० ते ५० वल्ही, आणि वारा नसतानाही ताशी ४ मैलांची चाल. तोफा सहा-आठ, त्याही २ ते ४ पौंडी गोळ्यांच्या. आठ-दहा गुराबा आणि ४० ते ५० गलबते मिळून आरमार होई. वारा पडला की शत्रूचे जड जहाज जागीच खिळे. गलबते गुराबांना दोराने ओढून त्याच्या पिछाडीस नेत, जेथे त्याच्या तोफा पोहोचत नसत.

हे केवळ दारिद्र्याचे आरमार नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५-१६) आरमाराचे जे प्रकरण आहे त्यात गुराबा फार थोर न कराव्यात, फार लहानही न कराव्यात, मध्यम असाव्यात असा उपदेश आहे. आणि वाऱ्यावाचून जे निरुपयोगी ठरते असे थोर जहाज बांधण्याचे प्रयोजन नाही, असेही सांगितले आहे. येथे हलकेपणा हा विचारपूर्वक केलेला निर्णय म्हणून दिसतो. त्या निर्णयाचे फळही मिळाले. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाई फसली. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या इतिहासलेखनात पुरेशी सांगितली जात नाही. या नौकांना आश्रयाचे बंदर जवळ लागे. पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत. जड तोफा पेलण्याचे त्यांच्यात सामर्थ्य नव्हते, म्हणून समोरासमोर ओळ धरून लढणे त्यांना शक्य नव्हते. त्यांचा वेग हेच त्यांचे चिलखत. तो काढून घेतला की काहीच उरत नसे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर ॲडमिरल वॉटसनची जहाजे चालून आली तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयास एकत्र बांधलेले होते. एका जहाजावर तोफेचा पेटता गोळा पडला आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात सबंध आरमार जळाले. ज्या गलबतांना उघड्या पाण्यात पकडणे अशक्यप्राय होते ती उभी राहिल्याने गेली. पेशव्यांनीच आपल्या आरमाराच्या नाशास इंग्रजांचे साह्य घेतले, ही राजकीय चूक होतीच. परंतु नौकांच्या दृष्टीने पाहता त्यांच्याकडून असे काम अपेक्षिले गेले जे त्यांच्या घडणीत नव्हते.

६. घाटाखालचा पुरावा

हेच गणित जमिनीवर कसे दिसते, याची दोन उदाहरणे खालापूरच्या परिसराने पुरविली आहेत. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शायिस्तेखानाचा सरदार कारतलबखान घाट उतरून उंबरखिंडीत आला. खिंड अरुंद, दोन्ही बाजूंस दाट रान; मोठी फौज व तिचे सामान तेथे ना पुढे सरकू शकले ना मागे. शिवाजी महाराजांच्या हलक्या तुकड्यांनी तिला कोंडले, आणि खानाने सामान टाकून वाट मागून घेतली. परमानंदाच्या शिवभारतात हा प्रसंग सविस्तर आहे.

दुसरा प्रसंग ११७ वर्षांनंतरचा. १७७८ च्या अखेरीस कर्नल एगर्टनची इंग्रज फौज पनवेलहून खालापूरच्या वाटेने बोरघाट चढली. ग्रँट डफच्या म्हणण्यानुसार लढणारी माणसे ३,९०० आणि सामानाचे बैल १९,००० होते. घाटमाथ्यावर ही फौज दिवसाकाठी जेमतेम मैलभर चाले. १७७९ च्या जानेवारीत तळेगावास तिने माघार घेतली ती जड तोफा तळ्यात टाकून आणि साठा जाळून. वडगावचा तह त्यानंतरचा. ज्या भाराच्या बळावर ती निघाली होती तोच भार तिने शेवटी जीव वाचविण्यासाठी टाकला.

मात्र यावरून हलके तेवढे श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उंबरखिंडीत हलक्या तुकड्या जिंकल्या त्या खिंड त्यांची होती म्हणून. रान, वाट, पाणी त्यांना ठाऊक होते, आणि परतण्याची जागा जवळ होती. विजयदुर्गी ही अनुकूलता नव्हती. हलकेपणाचे बळ हे नेहमी जागेशी बांधलेले बळ असते. शर्यतीच्या जोडनौकेस आखलेले पाणी लागते ते याच कारणाने.

७. समारोप

मुंबईच्या गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या प्रवासी नौकांत आज कॅटमरानही आहेत. त्या यंत्रबळाने चालतात व दोन कायांच्या रुंदीचा उपयोग माणसे सुखरूप वाहण्याकडे करतात. पावसाळ्याचे महिने ही वाहतूक बंद असते. किनाऱ्यावरची गलबतेही त्याच महिन्यांत ओढून ठेवीत. सांगड येथे आपल्या मूळ धर्माकडे परत आली आहे, असे म्हणता येईल.

शर्यतीच्या नौकेस या कारणाने कमी लेखण्याचे प्रयोजन नाही. अरुंद काया, थोडे वजन, बळकट जोड यांविषयी ती जे शिकविते त्याचा लाभ प्रवासी नौकेस होतोच. प्रश्न आहे तो तिच्या वेगाचा हिशेब कसा मांडावा याचा. तो वेग फुकटचा नाही. भार टाकून, स्थैर्याची ठेव मोडून तो घेतलेला असतो. हे जाणून जो तिच्यावर चढतो त्याच्या आनंदात खोट नाही. जो हे न जाणता तिच्याकडून गुराबेचे, पडावाचे वा फेरीबोटीचे काम अपेक्षितो त्याची गत तुळाजीच्या गलबतांसारखी होण्याचा संभव आहे.

भाषेच्या अभ्यासकाची एक सूचना शेवटी नोंदवितो. नौकानयनाच्या मराठी परिभाषेत 'कॅटमरान' राहो. तो शब्द आता रुळला आहे. परंतु त्याच्या शेजारी 'सांगड' असावा. 'बांधलेले लाकूड' या अर्थाचा परका झालेला शब्द या नौकेचे मर्म सांगत नाही. 'सांगड' ते सांगतो : दोन काया, एक जोड, आणि सगळा विश्वास त्या जोडावर. वाक्प्रचारात तो शब्द आपण जिवंत ठेवला आहे. ती वस्तू पुन्हा पाण्यावर आली असताना तिचे नाव तिला परत देण्यास हरकत नसावी.